हिरव्या मातीतला ठसा

जुन्या गाडीच्या इंजिनात मिस्त्रींनी हौसेने व्हॉल्व्ह जास्त खोल ढकलणारा नवा कॅमशाफ्ट घातला खरा, पण आता खाली येणारा व्हॉल्व्ह वर चढणाऱ्या पिस्टनला धडकणार की काय, ही धास्ती होती. म्हणून त्यांनी पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळातली हिरवी माती थापली, वरचं झाकण, म्हणजे हेड, आवळलं, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं आणि हेड पुन्हा उचललं. आपला दातांचा दवाखाना बंद करून थेट गॅरेजात आलेली लेक शेजारी उभी राहून बघत होती.

मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटला होता. मिस्त्रींनी तो ब्लेडने मधोमध कापला आणि खाली उरलेल्या मातीची जाडी मोजली. "एक मिलिमीटर. दोन तरी हवी. पिस्टनला खाच पाडावी लागणार."

"एवढा खटाटोप? तुम्हाला तर नुसतं बघून कळतं."

"दुसऱ्याचं कळतं. आपण बसवलेल्या वस्तूत आपल्याला खोट दिसत नाही, बाळा. ठसा घेतला की वाद मिटतो."

लेकीने पर्समधून निळ्या कागदाची पट्टी काढली; ती चावली की दात जिथे उंच लागतो तिथे निळा ठसा उमटतो. "मग आ करा, बाबा. मी बसवलेली पहिली कॅप तुमच्या उजव्या दाढेवर आहे. छान बसली म्हणालात, आणि महिनाभर डाव्या बाजूनेच चावताय."

मिस्त्री हात पुसत स्टुलावर बसले.

"कागद राहू दे," ते म्हणाले. "पाव मिलिमीटर उंच आहे, मागच्या कोपऱ्यात. पहिल्याच घासाला कळलं होतं."