गवतातलं पिल्लू

मुलांनो, अशी कल्पना करा की तुमच्या शाळेत एक टोप आहे. तो डोक्यावर चढवला की लाखो वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचं अंग आपल्याला मिळतं. नियम एकच: शेजारच्या मैत्रिणीचा हात सोडायचा नाही, कारण हात सुटला की परतीची वाट हरवते.

मृण्मयीने टोप चढवला आणि ती एका झाडावर पोचली. पिढ्यान्‌पिढ्या पाऊस कमी होत गेल्याने रान विरळ झालं होतं. फळांचं झाड गवतापलीकडे होतं, आणि वारा नसतानाही ते गवत हलत होतं. तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू भुकेने गळून गेलं होतं.

"बाई, गवतात कुणीतरी आहे!" ती वर्गात किंचाळली.

"भित्री भागूबाई," हात धरून बसलेली अन्विता म्हणाली, "काढ ना मग टोप!"

"आणि पिल्लू गं?"

बाई टोप काढायला धावल्या, पण तेवढ्यात पिल्लाची पकड सुटली आणि ते खाली गवतात पडलं. मृण्मयी उतरली. गवत डोक्याएवढं होतं, म्हणून ती लटपटत दोन पायांवर उभी राहिली. पिल्लाला उचलून चालायला दोन्ही हात लागणार होते, आणि तिचा एक हात वर्गात अन्विताच्या हातात अडकला होता.

तिने अन्विताचा हात सोडला.