कोपऱ्यातला बाक

नवीन चर्च बांधून झालं आणि अंधेरीच्या गावठाणातलं दीडशे वर्षांचं जुनं चर्च वाचनालय झालं. कन्फेशनच्या लाकडी खोलीत आता कॅरम बोर्ड ठेवतात. याच खोलीत बस्त्यावने चाळीस वर्षं, दर शनिवारी, आपली पापं फादरच्या कानात सांगितली. देव आणि फादर सोडून तिसऱ्याला कळायचं नाही, या भरवशावर. पाप मोठं असलं की त्या दिवशी घरी मासळीऐवजी पेज असायची. देवाचा न्याय इतका झटपट कसा, याचं त्याला कौतुक वाटायचं.

छताच्या दुरुस्तीला आलेली आर्किटेक्ट रुचिका म्हणाली, "काका, ही कमान झकास आहे. या खोलीत पुटपुटलेलं त्या कोपऱ्यातल्या बाकावर जसंच्या तसं ऐकू येतं."

बस्त्यावने कोपऱ्यात पाहिलं. बाकावर त्याची बायको रेजिना पेपर वाचत बसली होती. तिची चाळीस वर्षांची ठरलेली जागा. म्हणे, तिथे वारा छान लागतो.

तिथे खिडकीच नव्हती.

बस्त्याव खोलीत तोंड घालून कुजबुजला, "रेजी, सगळं ऐकलंस?"

तिकडे रेजिनाने पान उलटलं.



"सगळं कुठे रे? एक शनिवार आड या बाकावर बसायची पाळी तुझ्या बहिणीची असायची."