सुनीतीची साखर

"तुम्ही पुढे गेलात तरच मी येते," असं म्हणून सुनीतीनं काशीतल्या राजा घाटाच्या पायरीवर बसकण मारली.

तिचे यजमान नरहर पाध्ये खाली उभे होते. सत्तरीला टेकलेला माणूस. उभा जन्म पाठशाळेत मांडी घालून संस्कृत शिकवण्यात गेला, त्यामुळे हुकूम सोडण्याची सवय होती, विनवण्याची नव्हती. एरवी त्यांनी एव्हाना आवाज चढवला असता. पण ऋतानं बजावलं होतं की मावशीला हुकूम करायचा नाही.

ऋता म्हणजे सुनीतीची भाची. मधुमेह झालेल्या माणसांना व्यायामाला राजी करायचं, हे तिचं दवाखान्यातलं काम. दिवाळीनंतर तिनंच दोघांचं रक्त तपासून घेतलं आणि संध्याकाळी काकांना एकट्याला गच्चीवर बोलावलं. मावशीची साखर फार वाढलीय, म्हणाली. डोळ्यांना धोका आहे, पायांना आहे. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, रोज चालायलाच हवं.

 नरहरांच्या थोरल्या भावाचा पाय याच दुखण्यात गुडघ्यापासून गेला होता. भावाला सगळ्यांनी घाबरवून पाहिलं होतं आणि तो हसत बसला होता. काशीत पडलोय, मेलो तर सुटलो, म्हणायचा. ते नरहरांना तेव्हा पटायचं. स्वतःपुरतं अजूनही पटत होतं. सुनीतीच्या बाबतीत मात्र तो विचारही सहन होईना.

"काका, डराने से कोई नहीं चलता," ऋता म्हणाली होती. "तिला विचारा. काय आवडतं, कशासाठी बरं व्हावंसं वाटतं. आणि एकटीला पाठवू नका. सोबत असली की माणूस टिकतो."

मग नरहर विचारू लागले. सुरुवातीला तोंडी परीक्षा घेतल्यासारखंच विचारायचे, त्यामुळे सुनीती तोंड फिरवून हसायची. शेवटी एकदा म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा आपण अहिल्याबाई घाटापर्यंत पायी जायचो, तसं जावंसं वाटतं. पण तिची अट होती. ते थांबतील तिथे तीही थांबणार.

आता आली का पंचाईत! थोड्याशा चालण्यानं नरहरांना धाप लागे, पिंढऱ्या भरून येत. पण आपण बसलो की ही बसणार, म्हणून ते रील काढणाऱ्या पोरांमधून वाट काढत, नावाड्यांना नको नको म्हणत पुढे रेटत राहिले. आज पांडे घाट, उद्या त्याच्या पुढचा. मागे वळून पाहावं तर सुनीती पदर खोचून येतच असे.

काळजीनं त्यांची झोप उडाली होती. रात्री घसा कोरडा पडायचा, सारखं उठावं लागायचं. सदरे ढगळ होत चालले होते. अंगठ्याला लागलेली ठेच चिघळली ती लवकर भरेना. त्यावर सुनीती रोज स्वतः पट्टी बांधायची आणि त्यांना शरम वाटायची. आजारी ती, आणि सेवा आपण करून घ्यायची!

तिच्यासमोर कसं खायचं म्हणून त्यांनी दुधाच्या फेसाची गोड मलइयो सोडली, चहातली साखर सोडली. सकाळी ती एक गोळी घेई आणि त्यांच्या तळहातावर रक्तदाबाची गोळी ठेवी. त्या गोळीसोबत हल्ली आणखी एक असे. डॉक्टरांनी दिलीय, एवढंच ती म्हणे. वाढलेलं जेवायचं आणि दिलेलं गिळायचं, हा त्यांचा संसाराचा रिवाज होता.

पौषातल्या एका धुकट सकाळी चौसट्टी घाटावर सुनीती अचानक थांबली.

"पुरे झालं हे," ती म्हणाली. "काशीतच तर आहे मी. मेले तर सुटले."

 भावाचं वाक्य, खरं तर नरहरांचंही. तिच्या तोंडून ते इतकं वाईट ऐकू येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते रागावले, ओरडायला म्हणून मागे फिरले, आणि बोलून भलतंच गेले.

"तू सुटशील," ते कसंबसं म्हणाले. "मी काय करू? मला मागे ठेवून जाऊ नकोस, सुनीती."

तिनं त्यांचं घसरलेलं उपरणं नीट केलं. मग डोळे पुसले आणि चालू लागली. त्या दिवशी पहिल्यांदा ते अहिल्याबाई घाटापर्यंत पोचले. नरहरांनी गंगेला हात जोडले आणि स्वतःसाठी काहीच मागितलं नाही.

होळीच्या आधी पुन्हा रक्त दिलं. या वेळी साखर उतरली नाही तर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल, असं ऋतानं आधीच सांगून ठेवलं होतं. दवाखान्याच्या बाकावर नरहर उपरण्याचं टोक पिळत बसले.  सुनीतीचे हात गार पडलेले पाहून त्यांनी ते आपल्या हातात घेतले. घरात कधी न केलेली गोष्ट त्यांनी चारचौघांत केली.

दार उघडलं. ऋता बाहेर आली, तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"उतरली, काका. खूप उतरली. सुईची गरज नाही."

नरहरांना रडू आवरेना. सुनीतीच्या पाठीवरून हात फिरवत ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिले, वाचलीस गं, वाचलीस. सुनीती त्यांच्याहून जास्त रडत होती.

"मावशी, आता सांगून टाक," ऋता हळूच म्हणाली.

सुनीतीनं पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग आपले.

"अहो, मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "साखर तुमची वाढली होती."