इटलीची दाद

फैजपुरात बेबाबाईंच्या गाण्याशिवाय कुणाच्याच घरची हळद लागत नसे. पण ते अंगणातलं, बायाबायांतलं गाणं. जळगावच्या नाट्यगृहातल्या कार्यक्रमाला त्यांचं नाव नातीने, म्हणजे डिंपलने, परस्पर देऊन टाकलं होतं. आता विंगेत उभ्या डिंपलचाच जीव टांगणीला लागला. आजी मात्र तडक स्टेजच्या मधोमध गेली, माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला, डोळे मिटले आणि असा खडा सूर लावला की चुळबुळणारं सभागृह गप्प झालं. गाणं संपलं तरी टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतले एक पाहुणे तर उभे राहून ओरडले, “ब्राव्हो!”

बाहेर चहा पिताना आजीने विचारलं, “तो मानूस काय वरडला गं?”

“ब्राव्हो. इटलीतला शब्द आहे, आजी. गाणं आवडलं की तिकडे असं म्हणतात. पण मूळ अर्थ शूर, धाडसी.”

बशीतला चहा फुंकता फुंकता आजी थांबली आणि खुदकन हसली.

“पन त्याले मालूम कसं पडलं? हात कापत व्हते म्हनून तं मी माइक दोन्ही हातांनी धरला व्हता!”