पुकारा

जुन्या न्यायालयाचे संग्रहालय झाले, तरी संध्याकाळी तिथे कुणीतरी पक्षकारांची नावे पुकारते, अशी वदंता होती; म्हणूनच एक म्हातारी मारेगावहून येऊन बसली होती. पहारेकरी हसला, “काकू, भुताच्या नावानं लोक पळतात अन् तुमी बसूनच राह्यल्या!” “भूत नोको म्हणू, बाबू. माहे मालक हायेत ते. इथंच पट्टेवाले होते.” कापसाच्या अरिष्टाच्या वर्षांत बोगस बियाण्यांचे खटले चालत, तेव्हा कास्तकारांची नावे तीन-तीनदा पुकारून मालकांचा घसा बसे, घरी मात्र रीतीप्रमाणे त्यांनी पत्नीचे नाव कधीच उच्चारले नाही. “जलमभर ‘नयनची माय’ म्हनलं. आता मेल्यावर कायची रीत? एकडाव तं माहं नाव घेतीन.” पहारेकऱ्याचे हसू विरले. “काकू, नाव सांगा, मीच पुकारतो.” ती धसकली. “नोको रे बाप्पा! तू पुकारलं तं त्यायले वाटन, मी हाजिर होऊन गेली.”