गिअर ऑइलमधला चुरा

"गाडी चालवतोस की दळण दळतोस?" गाडीखालून सरकत बाहेर येऊन मिस्त्री मेहुण्यावर खेकसला. ट्रेमध्ये काढलेल्या गिअर ऑइलमध्ये लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता. "सगळे दाते झिजवलेस. तुझ्या बहिणीसारखाच तू, वस्तूची कदर नाही."

"दाजी, मी जपूनच चालवतो हो."

"जपून म्हणे!" मिस्त्रीने नाक मुरडत गिअरबॉक्स उघडला. आतला दाता न् दाता कोरा करकरीत होता.

मेहुणा वाकून आत बघू लागला. त्याचा आणखीच राग येऊन मिस्त्रीने ट्रे उचलायला हात पुढे केला. तेलातला चुरा सरकत त्याच्या बोटांखाली गोळा झाला. त्याने हात डावीकडे नेला, तसा चुराही डावीकडे गेला.

"दाजी, हातात चुंबक आहे का?"

मिस्त्रीने रिकामा पंजा उघडला. कातडीच्या आतून काहीतरी ट्रेकडे ओढ घेत होतं.