पडद्याची क्लिप

"काका, ही चौथी ट्यूब. काचेला प्लास्टिक यानंही चिकटलं नाही, तर मी दुकान बंद करतो!" हार्डवेअरवाला म्हणाला. गिऱ्हाइकं हसली. दामूअण्णा ओशाळून घरी आले.

बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. उद्या भर दुपारी तिला तपासणीला संगमनेरला न्यायचं होतं आणि डोळ्यांवर ऊन येऊ द्यायचं नव्हतं. गाडीच्या खिडकीला पडदा हवाच होता, पण त्याची क्लिप काही टिकत नव्हती.

त्यांनी काच पुसली, गोंद लावून क्लिप दाबून धरली. पाच मिनिटांनी हलवून पाहिली. दहा मिनिटांनी जराशी ओढली. ती हातातच आली.

"चाळीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं चिकटवली, आणि एवढीशी क्लिप जमत नाही मला!"

"पुस्तकंही अशीच ओढून बघायचात का?" काळा चष्मा सावरत बायकोनं विचारलं.

 दामूअण्णांनी क्लिप पुन्हा चिकटवली. बायकोनं गाडीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. "आता उद्या निघतानाच उघडायची."

थोड्या वेळानं ती अंगणात आली, तर दामूअण्णा काचेला नाक लावून उभे.

"हात नाही लावत गं," ते म्हणाले, "नुसतं बघतोय."